बाभुळगावला ठेवलेलं परस्थान

वहिनी, तुम्ही गेलात त्या दुपारी आपल्या घरात आलेल्या माणसांना पाणी द्यायला पेले सापडत नव्हते. पेले होते, पण खोक्यात बांधलेले होते, आणि कोणत्या खोक्यात काय आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. दादा म्हणाला, "तिलेच इचारा." म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. शेजारच्या मंदाताईंनी त्यांच्या घरून पेले आणले. तेरवीच्या आदल्या दिवशी आपले सापडले. ज्या खोक्यावर मी रोज बसत होतो, त्यातच होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुम्ही असता तर आठ दिवस हसत राहिला असता.

तेरवीला मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि परत बसलो. बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी केली, माइकवर बोललो ते गाड्यांबद्दल. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, एवढंच. माणसांबद्दल कधी बोललो नाही, म्हणून लिहून काढतो आहे. तुम्ही वाचणार नाही, त्यामुळे हस्ताक्षराची चिंता नाही.

खोकी बांधलेली होती कारण आपलं बिऱ्हाड यवतमाळहून अमरावतीला हलायचं होतं. तुमची शिल्पा तिथे कॉलेजात शिकवते, जावई नोकरीला दुसऱ्या राज्यात, आणि नात ओवी शाळा सुटली की आई येईपर्यंत खालच्या मजल्यावर दुसऱ्यांच्या घरी बसते. शिल्पाच्याच इमारतीत एक घर रिकामं झालं आणि तुम्ही ते घ्यायला लावलंत. अंतर म्हणाल तर सकाळी निघालेला माणूस जेवायला पोचतो. पण जवळ आहे हीच खरी अडचण होती. लांब जायचं असलं की माणूस अर्धं सामान मुकाट्यानं वाटून टाकतो. जवळ म्हटलं की पाटा, वरवंटा, मोडक्या पायाचा पलंग, सगळ्यावर "नेऊ की, किती दूर हाय!" सुरू होतं. घर पाहावं बांधून म्हणतात. ते म्हणणाऱ्यानं घर हलवून पाहिलं नसावं.

सामानासाठी रामधनचा टेम्पो ठरवला होता. घाटंजीकडच्या तांड्यावरचा रामधन, माझी ओळख जुनी. तो येऊन म्हणाला, "वहिनी, कापूस सुरू हाय. जिनिंगपुढं गाड्याइची लाइन लागून राह्यली. आता गाडी पौषातच मोकळी होईन."

"पौषात कोणी घर हलवते का, बाप्पा?"

"आमचे बापजादे बैलाइवर मीठ लादून बारा महिने हिंडले. त्याइले कोणता पौष आडवा आला?"

"म्हून तं हिंडतच राह्यले ना," तुम्ही म्हणालात. सगळ्यात जास्त रामधनच हसला, आणि चहा पिऊन गेला. पण गाडीची तारीख काही त्यानं अलीकडे आणली नाही.

मग तुम्ही परस्थानाचं काढलंत. मी हा शब्द आईच्या तोंडून ऐकला होता, त्यानंतर तुमच्याच. चांगल्या दिवशी निघता येत नसेल तर त्या दिवशी आपलं एखादं वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड गाठोड्यात बांधून वाटेवरच्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे तुम्ही निघालात असं धरतात. मग प्रत्यक्ष जाल तेव्हा वाटेत गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. गाडी सुटल्याची नोंद करायची आणि गाडी फलाटावरच उभी ठेवायची, असा हा प्रकार. नोकरीत मी असं केलं असतं तर घरी बसवलं असतं. हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हून तं तुमाले इचारून नाही राह्यली, सांगून राह्यली."

गाठोडं ठेवायचं होतं तुमच्या माहेरी, बाभुळगावला. यावर मात्र मी हटून बसलो. यवतमाळहून अमरावतीला माणूस नेरवरून जातो. बाभुळगाव त्या वाटेवर नाही.

"येते. धामणगाववरून येते."

"तो फेरा पडते, वहिनी."

"गाडी सोडणाऱ्यानं गाडी सोडाव, भाऊजी. कोणत्या रस्त्यानं जाचं ते बसणाऱ्यानं ठरवाव."

माझ्या उभ्या नोकरीचा निकाल तुम्ही एका वाक्यात लावलात. मार्गशीर्ष संपायच्या आत एका गुरुवारी मी तुम्हाला स्कूटरवर बाभुळगावला घेऊन गेलो. तुम्ही गाठोडं मांडीवर घेऊन मागे बसलात. पुढे कापसाची ट्रॉली चालली होती, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला होता आणि तुम्ही वाटभर बोलत होतात. वाऱ्यामुळे मला निम्मं ऐकू आलं नाही. काय बोलत होतात ते विचारायचं राहून गेलं. परतताना मी म्हणालो, "सामान जाईन नेरवरून, तुमचं परस्थान जाईन धामणगाववरून. तुम्ही नेमक्या कोणत्या गाडीनं जाणार?" तुम्ही माझ्या पाठीत चापट मारलीत. हे आता आठवलं की बरं वाटत नाही. पण तेव्हा आपण दोघंही हसलो होतो, तेही खरं.

गाठोड्यात तुमचं एक लुगडं होतं आणि दादाचा दुपट्टा. माझंही काही मागितलं होतंत. मी म्हणालो, मी येणारच नाही तर माझं काय ठेवता?

आपला वाद हाच होता. दसऱ्यापासून रोज जेवताना सुरू व्हायचा आणि ताट उचललं की संपायचा. तुमचं म्हणणं, दादा तिथे एकटा रमणार नाही. "तुम्ही नाही आले तं तुमचे भाऊ दोन महिन्यात कटाळून वापस येतीन. माह्यासाठी नोका येऊ. तुमच्या भावासाठी चला." माझं म्हणणं, यवतमाळच्या स्टँडवर मी जाऊन बसलो तर अजून ड्रायव्हर हात करतात, चहावाला साखर कमी टाकतो, नवा कंट्रोलर अडला तर मला विचारतो. अमरावतीत मी कोण? पुतणीच्या घरातला काका. ज्याच्यासमोर टीव्हीचा आवाज कमी करतात आणि ज्याच्यासाठी भाजी वेगळी काढून ठेवतात, असा एक म्हातारा. हे मी असं शब्दांत कधी सांगितलं नाही. "मी येत नाही" एवढंच म्हणायचो. शेवटच्या सकाळी तुम्ही भाकर वाढली आणि म्हणालात, "आज नाही म्हणा. उद्या पाहू." मी हात धुऊन स्टँडवर निघून गेलो.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी दहावीत होतो. पहिल्या दिवशी तुम्ही मला "भाऊजी" म्हणालात आणि मी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतात म्हणून. घरात मला पहिल्यांदा अहोजाहो केलं ते तुम्ही. पुढे माझ्यासाठी स्थळं आणलीत, मी नाकारली, का ते तुम्ही विचारलं नाही. आई खोदून खोदून विचारायची, नातेवाईक टोमणे मारायचे, तुम्ही ताट वाढायचात. रात्रपाळीवरून आलो की भाजी झाकलेली आणि शेजारी कांदा फोडलेला. इतकी वर्षं जेवलो आणि "मीठ जास्त झालं" याखेरीज स्वयंपाकाबद्दल एक शब्द बोललो नाही. घरातल्या माणसाचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही, आणि मी ती रीत नको तितकी पाळली. आज मानतो, वहिनी. मनापासून मानतो. तुमच्या हातच्या जेवणावर मी जगलो.

तेरवीपर्यंत शिल्पा होती. जाताना तिनं दादाला विचारलं, "बाबा, मग कधी येता?" दादा म्हणाला, "पाहू." ओवी बॅग पाठीला लावून दारात उभी होती. शिल्पानं पुन्हा विचारलं नाही. या बाबतीत ती तुमच्यावर गेली आहे.

मग एक दिवस रामधन आला. खोक्यांकडे पाहिलं, तुमच्या फोटोकडे पाहिलं, टोपी काढून थोडा वेळ बसला. "भाऊ, कापूस सरत आला. गाडी लावू का नोको लावू?" दादानं माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. रामधन म्हणाला, "सांगजा मंग," आणि गेला.

संध्याकाळी मी चहा केला. दादा म्हणाला, "तुले जाचं असन तं जाऊ."

"मले कायले? मी तं तुह्यासाठी येतो म्हणणार होतो."

"माह्यासाठी? कोण म्हनलं तुले?"

"वहिनी. तू तिथं एकटा कटाळशीन म्हणे."

दादानं कप खाली ठेवला. "मले तं ती येगळंच म्हणे. भाऊजी रिटायर झाल्यापासून दिवसभर स्टँडवर बसून राहतेत, उद्या आपण नसलो तं त्याइले कोण पाहीन? शिल्पाच्या जवळ राह्यले तं आपल्या जिवाले घोर नाही. त्याइच्यासाठी चला. मी म्हून हो म्हनलं. नाही तं मले कोणती हौस होती?"

 आणि दादा हसला. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा हसला. एकाला दुसऱ्याचं नाव सांगून तुम्ही दोन अडेल बैल एका दावणीला बांधले होतेत आणि दोघांना पत्ता नव्हता. हसून झाल्यावर आमच्या दोघांच्याही डोक्यात एकदमच हिशेब आला. मला दादासाठी जायची गरज नाही, दादाला माझ्यासाठी जायची गरज नाही.

"मंग आता कायले जाचं?" दादा म्हणाला.

मला फार हलकं वाटलं, वहिनी, खोटं कशाला सांगू? मी उठून एक खोकं फोडलं आणि कुकर बाहेर काढला. दादानं दिवाणखान्यातली त्याची खुर्ची, जी तुम्ही सुतळीनं बांधून ठेवली होती, ती सोडवून पुन्हा खिडकीपाशी लावली. मग शिल्पाला फोन केला. "आमचं इथंच बरं आहे, बेटा. तुले कायले त्रास?" ती म्हणाली, "बरं, बाबा." फोन ठेवल्यावर दादा तसाच हातात फोन धरून बसला. 

दोन दिवसांनी तुमच्या भावजयीचा, निर्मलाबाईंचा, बाभुळगावहून फोन आला. ताईंचं गाठोडं इथे आहे, त्याचं काय करायचं? दादा म्हणाला, "घेऊन ये. तिचं लुगडं हाय त्यात." मी सकाळच्या गाडीनं निघालो. जाऊन गाठोडं घ्यायचं आणि जेवायला परत यायचं, म्हणून पिशवीसुद्धा घेतली नव्हती.

निर्मलाबाई अंगणात तुरी झोडत होत्या. मला पाहून हात झटकले, चहा टाकला, आतून गाठोडं आणलं. द्यायच्या आधी विचारलं, "आता हे कोणीकडं नेता?"

"घरी. यवतमाळले."

"परस्थान माघारी नेत नसतेत, भाऊ. थे पुढंच जाते."

"ज्याले जाचं होतं थे माणूसच नाही. पुढं कोणासाठी न्यायचं?"

त्या गाठोडं मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसल्या. "तुमाले काही सांगतलं होतं का ताईनं?"

मी म्हणालो, सगळं सांगितलं होतं. दादाला माझं, मला दादाचं. मला वाटलं त्याही हसतील. त्या हसल्या नाहीत.

"त्या गुरुवारी तुम्ही तिकडे माह्या मालकासंग तूर पाहाले गेलते ना, तवा ताई इथंच बसल्या होत्या. मले म्हणल्या, निर्मला, मले जाचं हाय. लई जाचं हाय. ओवीची शाळा सुटते तवा फाटकापाशी बाकीच्या पोरीइच्या आज्या येतेत म्हणे, हिले न्यायले कोणीच नाही. मले तिथं उभं राहाचं हाय. शिल्पा लहान होती तवा घरचं करता करता कधी तिच्या शाळेत जाणं झालं नाही, म्हणल्या. मी म्हनलं, मंग घरी तसंच सांगा ना. तं म्हणल्या, माह्यासाठी कोण घर हलवते, बाई? त्याइले एकमेकाइचं सांगतलं. आता हलतीन."

चहा प्यालो. साखर जास्त होती.  मला आधी तुमचा राग आला, वहिनी. एवढ्या वर्षांत आम्ही इतके का परके होतो, की तुम्हाला एक साधी गोष्ट हवी होती तर ती दोघांच्या खांद्यावर वाटून न्यावी लागली? मग विचारलं स्वतःला, त्या सरळ म्हणाल्या असत्या, मला जायचंय, तर आपण काय म्हटलं असतं? आपण म्हटलं असतं, जाऊन या ना आठ दिवस, मी गाडीत बसवून देतो. जागा धरून दिली असती, खिडकीची. तुम्हाला आमची उत्तरं आधीच माहीत होती.

मग मला रडू आलं. तेरवीपर्यंत आलं नव्हतं. निर्मलाबाई उठून पुन्हा तुरीकडे गेल्या, त्यांचे आभार.

गाठोडं घेऊन मी स्टँडवर आलो. एका बाजूला यवतमाळची गाडी लागली होती, दुसऱ्या बाजूला धामणगावची. दादाला फोन लावला.

"दादा, वहिनीले जाचं होतं."

"कुठी?"

"अमरावतीले. तिले सोताले जाचं होतं. तुह्यासाठी नाही न् माह्यासाठी नाही."

निर्मलाबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. फाटकाचं सांगताना मला थांबावं लागलं.  

"मले कधी म्हनली नाही," तो म्हणाला.

"मलेही नाही."

"तू आता कुठी हायेस?"

"स्टँडवर. धामणगावची गाडी सुटून राह्यली."

"बस मंग. मी रामधनले फोन करतो." आणि फोन ठेवला. त्या क्षणी मला माझा भाऊ फार आवडला. हेही मी त्याला सांगितलेलं नाही.

तुमचं गाठोडं मी धामणगाववरून अमरावतीला आणलं; सामान मात्र आलं ते नेरवरूनच, रामधननं माझंच ऐकलं. कुकरचं झाकण राहिलं, मोडक्या पायाचा पलंग मात्र आला. दादानं अजून निम्मी खोकी उघडू दिलेली नाहीत. स्वयंपाक मी करतो. मीठ कमी-जास्त होतं, पण दादा बोलत नाही. तो बोलला तर मला आवडेल. अमरावतीच्या स्टँडवर एकदा जाऊन आलो. कोणी ओळखलं नाही. वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही.

दुपारी आम्ही दोघं ओवीच्या शाळेपाशी जातो. एकानं गेलं तरी चालतं, पण दोघं जातो. लवकर पोचतो. फाटकापाशी आज्या असतात, त्या एकमेकींना ओळखतात, बोरं नाहीतर शेंगा खात गप्पा मारतात. आम्ही त्यांच्यापासून जरा बाजूला झाडाखाली उभे राहायचो. काल त्यांतली एक बाई जवळ आली आणि विचारलं, "तुम्ही कोणाचे?" दादानं ओवीचं नाव सांगितलं.

"अन् तिची आजी? त्या नाही येत?"

मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं आता हा तोंड फिरवेल. दादा सरळ त्या बाईंकडे पाहत म्हणाला, "हिच्या आजीले इथं याचं होतं. म्हून आम्ही आलो."

 बाई बाजूला सरकल्या आणि फाटकापाशी आम्हाला दोघांना उभं राहायला जागा करून दिली.